‘काकाजी, येऊ का?’

सप्टेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या एका इस्पितळाच्या जिन्यात उभा राहून मी हा प्रश्न टेलिफोनवर ऐकला आणि जराही न थांबता उत्तर दिले, “नको बाबू, काळजीचं काही नाही.” काळजीचे होते. डॉक्टरांनी त्याच सकाळी मला बाजूला घेऊन सांगितले होते की आता दिवस मोजायचे. तरी मी ‘नको’ म्हणालो. ते बरोबर होते की चूक, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. संपादकांनी यंदा माझ्याकडे सीमाभागातल्या मराठी शाळांवर लेख मागितला होता. तो पुढच्या वर्षी देईन. हे आधी लिहून टाकले पाहिजे. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतले एखादे मूल आता बाहेरदेशी आहे, आणि हा प्रश्न आज ना उद्या त्या घरांतही टेलिफोनवरून येणार आहे.

प्रश्न विचारणारा माझा पुतण्या. आमचे मूळ घर पांढुर्ण्याचे. दादा तिथेच राहिले, संत्र्याची बाग सांभाळीत. मी मास्तरकी करीत सौसरला आलो आणि निवृत्तीनंतर सौसरचाच झालो. पोरगा बागेत वाढलेला. डिंक्या कशाने होतो, कोळशी कुठून येते, आंबिया बहाराची फळे पावसाळ्यात गळतात तेव्हा झाडाच्या आत काय चालते, असे विचारून तो दादांना बेजार करी. शेतकीचे शिक्षण पुरे करून २०१५ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि संत्र्याच्या ‘ग्रीनिंग’ या रोगावर काम करू लागला. हा रोग सायला नावाचा बारीक किडा या झाडावरून त्या झाडावर नेतो. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथे चोवीस कोटींहून अधिक पेट्या संत्री निघाली होती. २०२३-२४ मध्ये दोन कोटीही भरल्या नाहीत. वहिनींना यातले आकडे ठाऊक नव्हते, पण मर्म बरोबर ठाऊक होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत, “त्यायच्या बागा बिमार हायेत, म्हून आमच्या पोराले बलावलं तिकडं.”

त्या वर्षी पोळा झाला, दुसऱ्या दिवशी गोटमार झाली आणि तिसऱ्या दिवशी वहिनींना नागपूरला हलवावे लागले. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी डॉक्टरांनी मला ते सांगितले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा दादांच्या घरी महालक्ष्म्या बसल्या नव्हत्या. दादा खाली बाकावर बसून बागेतल्या गड्याला फोनवरून फवारणीचे सांगत होते, कारण फळगळ सुरू होती आणि माणसाला हातात काहीतरी लागते. डॉक्टर काय म्हणाले ते मी दादांना सांगितले नाही. वहिनींनाही नाही. आणि संध्याकाळी पोराचा फोन आला तेव्हा त्यालाही नाही.

आता ‘येऊ का’ या प्रश्नात एवढी अडचण कोणती, हे समजायला मलाही बराच काळ लागला होता. ज्यांच्या घरी हे प्रकरण आलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याजवळ किंवा नोकरदाराजवळ दोन वेगळ्या परवानग्या असतात. एक म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा. तो दारापर्यंत जाण्याचा परवाना. दारात पोचल्यावर आत घ्यायचे की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो. दुसरी परवानगी आत गेल्यानंतरची: किती दिवस राहायचे आणि कोणते काम करायचे याची. पहिलीची मुदत संपली तरी दुसरी चालू राहू शकते. माझ्या पुतण्याचा विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसा पाच वर्षांचा होता, तो २०२० मध्ये संपला. पुढे तिथल्या तिथेच कागद बदलून तो विद्यापीठाच्या नोकरीत, ‘एच-वन-बी’ म्हणतात त्या वर्गात गेला. पगार घेत होता, कर भरीत होता, सगळे कायद्याला धरून. पण पासपोर्टवरचा कागद मेलेला. म्हणजे आत आहे तोवर तो रीतसर कामावरचा माणूस. सीमेबाहेर पाऊल पडले की पहिल्यापासून उमेदवार. परत जायचे तर आधी भारतातल्या त्यांच्या वकिलातीत मुलाखत द्यायची, नवा व्हिसा मिळवायचा, मग विमान.

(जाता जाता एक सांगतो. अमेरिकेच्या वकिलातीच्या वाटपात मध्य प्रदेश मुंबईकडे येतो. म्हणजे आमचा पासपोर्ट भोपाळचा, व्हिसा मुंबईचा आणि इस्पितळ नागपूरचे. १९५६ मध्ये ज्यांनी आम्हांला या बाजूला ठेवले त्यांना हे कोणी सांगायला हवे होते.)

२०२२ साली या मुलाखतींच्या तारखा मिळणे मुश्कील झाले होते. महामारीत वकिलाती बंद राहिल्याने तुंबलेले काम उरकत नव्हते. पर्यटकांच्या व्हिसाची प्रतीक्षा काही ठिकाणी दोन वर्षांच्या पुढे गेली होती, कामाच्या व्हिसालाही महिनोन्महिने लागत. शिवाय जंतू, रोग, प्रयोगशाळा असे शब्द ज्याच्या कामाच्या वर्णनात आहेत त्याची जास्तीची तपासणी होऊ शकते, आणि त्या तपासणीला मुदत नसते. तोवर तिकडे पगार थांबणार, घरभाडे चालू राहणार, प्रयोगाची रोपे वाळणार. त्याच्या घरात तिघे. मुलगी आठ महिन्यांची, तिकडेच जन्मलेली, म्हणून जन्माने अमेरिकन. तिला येण्याजाण्याला कोणाचीच आडकाठी नाही. सुनेचा कागद नवऱ्याच्या कागदाला बांधलेला. म्हणजे त्या घरात सगळ्यांत मोकळे माणूस ते, ज्याला अजून चालता येत नव्हते.

आणखी एक नियम पोरानेच मला सांगितला होता, हसत हसत. व्हिसा संपलेला असला तरी असा माणूस शेजारच्या कॅनडात किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत जाऊन परत येऊ शकतो. सहलीला जाता येते. आईकडे जायचे तर हरकत तिथेही कोणाची नाही. परतण्याची हमी मात्र नाही.

मला खरा विचार करायचा आहे तो इथे. या नियमांत ‘जाऊ नकोस’ असे कुठेही लिहिलेले नाही. कोणी त्याला अडवले नव्हते. विमानतळावर कोणी त्याचा हात धरला नसता. तो जायला पूर्ण मोकळा होता. जाणे त्याच्या हाती आणि येणे त्यांच्या हाती, अशी ती वाटणी होती. ज्याला दार बंद असते तो दुःख करतो. पण आपण आईला टाकले असे त्याच्या मनात येत नाही. तुरुंगातल्या कैद्याला बापाच्या मौतीला जाता आले नाही म्हणून त्याला कोणी नाव ठेवीत नाही. इथे दार उघडे ठेवून फक्त जाण्याची किंमत वाढवलेली असते आणि किंमत द्यायची की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. तेव्हा न जाणारा माणूस जन्मभर म्हणत राहतो, मी जाऊ शकत होतो. नियम लिहिणारा कधीच झोपी गेलेला असतो. जागा राहतो तो हा.

आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवा. इंग्रजी अमलात तरुणपणी देश सोडला, अमेरिकेत शेतकी शिकले, १९१३ च्या गदर चळवळीत होते, पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणच्या बाजूला लढले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत जाऊन चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले. २०२२ मध्ये त्यांचा पुतळा तिथल्या विद्यापीठात उभा राहिला, त्याचे अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनी केले. हा माणूस स्वातंत्र्यानंतर मायदेशी यायला निघाला तेव्हा त्याचा अर्ज आधी नाकारला गेला, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव तसेच राहिले होते. ज्या स्वातंत्र्यासाठी देश सोडला त्याच स्वतंत्र देशाच्या कचेरीत जुनी यादी चालू! पुढे ती चूक दुरुस्त झाली. खानखोजे नागपूरला आले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर अन्याय झाला, पण तो ढळढळीत अन्याय होता. सरकारने ‘नाही’ म्हटले होते. त्यांनी आपल्या मनाशी कसला तंटा करण्याचे कारण नव्हते. माझ्या पुतण्याला ‘नाही’ कोणीच म्हटले नाही. म्हणजे, सरकारपैकी कोणी म्हटले नाही. म्हणालो तो मी.

यावर कोणी म्हणेल, देश हे घर आहे, कोणाला आत घ्यायचे ते घरमालकाने ठरवावे. मला ते मान्य आहे. आपणही तेच करतो. परदेशी संशोधक आपल्याकडे दीर्घ मुदतीसाठी आला तर त्याला नोंदणी करावी लागते, परवानगी घ्यावी लागते. २०२० मध्ये तर आपण परदेशी स्थायिक झालेल्या आपल्याच रक्ताच्या माणसांची कार्डे काही काळ बाजूला ठेवली होती. इतके दूर कशाला जायचे? त्याच वर्षी सौसरहून नागपूरला जायचे तर पास लागत होता. ज्या रस्त्याने मी पन्नास वर्षे पुस्तके, औषधे, लग्नाचे कपडे आणले, त्या रस्त्यावर राज्याच्या हद्दीपाशी पोलीस उभे होते आणि पासवर कारण लिहावे लागे. तेव्हा पहिल्यांदा मला कळले की १९५६ च्या १ नोव्हेंबरला आमच्या अंगणातून खरोखरच एक रेघ गेली होती. त्याआधी नागपूर आमची राजधानी होती. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा इकडे राहिला आणि सौसर-पांढुर्णा त्याच्याबरोबर राहिले. चौसष्ट वर्षे ती रेघ पायाला लागली नव्हती. आता २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झाला आहे, सौसर त्यात आहे. रेघ तिथेच आहे.

आणि हेही लिहिले पाहिजे की पुण्याहून परतलेल्या आमच्याच पोरांना त्या उन्हाळ्यात वेशीवर थांबवून शाळेत ठेवा म्हणणाऱ्यांत मी होतो. शाळेची किल्ली माझ्याकडे होती. एक मुलगा पाण्याची कळशी घ्यायला घरापर्यंत जाऊ का म्हणाला, त्यालाही मी ‘नको’ म्हणालो. तेव्हा दारापाशी उभा असलेला माणूस क्रूरच असतो असे मी म्हणणार नाही. तो घाबरलेला असतो.

परंतु घराच्या दाखल्याला एक मर्यादा आहे. पाहुणा आणि घरचा माणूस यांच्यामध्ये एक तिसरा असतो, राबणारा. आपल्या कूळकायद्याने हे ओळखले होते. जमीन मालकाची खरी, पण वर्षानुवर्षे जो कसतो त्याचा त्या जमिनीशी काही संबंध तयार होतो आणि त्याला एका सकाळी ‘नीघ’ म्हणता येत नाही, हे तत्त्व आपल्या बापजाद्यांनी भांडून कायद्यात घालून घेतले. काहींच्या जमिनी त्यात गेल्या, आमच्याही आजोबांची गेली. घरात त्याबद्दल कडवटपणा होता, पण तत्त्व चूक आहे असे आजोबाही म्हणाले नाहीत. मग सात वर्षे ज्याने तुमच्या बागांचा रोग निवारण्यासाठी डोळे फोडले, तो आईला भेटायला गेला म्हणून परतताना पुन्हा अनोळखी कसा होतो? रोज घरात वावरणाऱ्याला अंगणात गेल्याबरोबर ‘तू कोण’ विचारावे तसे हे आहे. ग्रीन कार्डाच्या अर्जाचेही तेच. काही वर्गांतल्या माणसांनी अर्ज चालू असताना आगाऊ परवानगी न घेता देश सोडला तर त्यांनी अर्ज टाकून दिला असे धरले जाते. जाणे हेच मुळी सोडणे, असे त्या कागदाचे म्हणणे.

आपल्या परंपरेत असा नियम नव्हता असे समजू नका. फार कडक होता. संन्याशाला घरी परत यायची बंदी. विठ्ठलपंत काशीहून गुरूच्या आज्ञेने आळंदीला परतले, पुन्हा प्रपंचात आले, आणि समाजाने त्यांना आत घेतले नाही. किंमत कोणी दिली? चार लेकरांनी. परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी लेकरांना शुद्धिपत्र मागत पैठणला हिंडावे लागले. शंकराचार्यांची गोष्टही सांगतात: आईला वचन दिले होते म्हणून संन्यासाचा नियम मोडून तिच्या शेवटच्या घटकेला कालडीला आले, भाऊबंदांनी लाकूडही दिले नाही, परसातच त्यांनी एकट्याने तिला अग्नी दिला. आणि राम? दशरथ गेला तेव्हा राम चित्रकूटावर होता. भरत येऊन पाया पडला, चल म्हणाला, दार सताड उघडे होते. राम गेला नाही. मात्र रामाला बापाचे गेलेले कळले होते, भरत समोर बसलेला होता, आणि ‘न जाणे’ हे रामाने स्वतः ठरवले. या तिघांच्या कथा मी शाळेत तीस वर्षे शिकवल्या. त्यांतला हा भाग, ठरवण्याचा, मी मुलांना कधी दाखवला नव्हता. मलाच दिसला नव्हता.

तर मी ‘नको’ का म्हणालो? त्या वेळची कारणे माझ्याजवळ तयार होती. तो आला असता तर सहा महिने अडकला असता. नोकरी गेली असती. दादांच्या बागेवरचे कर्ज तोच फेडीत होता. लहान मूल. आणि वहिनी तर तशाही वाचणार नव्हत्या. हा शेवटचा मुद्दा मी स्वतःशीसुद्धा हळू आवाजात मांडला होता. ही सगळी कारणे खरी होती. पण ती त्याची कारणे होती. ती त्याच्यापुढे ठेवायला हवी होती, म्हणजे त्याने ती उचलली असती किंवा फेकली असती. मी ती स्वतःच वापरून टाकली. परक्या देशाचा नियम सांगत होता, जा, पण येण्याचे बघू. मी त्याच्या पुढे गेलो; मी जाण्याचा प्रश्नच उरू दिला नाही. नियमाने ठेवलेला होता तेवढाही मोकळेपणा मी काढून घेतला, आणि वर मनात म्हणालो, काय करणार, नियमच तसा.

वहिनींनी एका रात्री विचारले होते. दादा बाहेर झोपले होते. त्या म्हणाल्या, “भाऊजी, त्याले सांगतलं का तुम्ही?” मी म्हणालो, “सांगितलं.” खोटे नव्हते, बरे नाही एवढे सांगितलेच होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग येऊन राह्यला असन तो.” मी पाण्याचा पेला भरायला उठलो. पुढचे चार दिवस दाराचा आवाज झाला की त्यांची मान तिकडे वळे. नर्स असे, कधी झाडणारी बाई असे.

पितृपंधरवडा लागून चार-पाच दिवस झाले होते, तेव्हा त्या गेल्या. जाम नदीच्या काठी दादांनी अग्नी दिला. नात्यातल्या एका मुलाच्या हातात मोबाइल दिला होता, पलीकडे पुतण्या बघत होता, त्याच्याकडे मध्यरात्र. त्या मुलाचे लक्ष धुराकडे गेले आणि हात वर झाला. नंतर पोराने सांगितले की कितीतरी वेळ त्याला नुसते आभाळ दिसत होते. ‘खाली धर’ म्हणून तो ओरडत होता, पण आवाज इकडे बंद केलेला होता.

तो आला डिसेंबर २०२३ मध्ये, पंधरा महिन्यांनी. मुंबईचे काम उरकून पांढुर्ण्याला पोचला. तिसऱ्या दिवशी बागेत आम्ही दोघेच होतो. आंबियाची तोड संपत आली होती, पेट्या भरणे चालू होते. त्याने एका झाडाचे पान उलटे करून पाहिले आणि पानाकडेच बघत विचारले, “काकाजी, डॉक्टरांनी तुम्हाला किती दिवस आधी सांगितलं होतं?”

मी म्हणालो, “अकरा.”

अकरा दिवस. अमेरिकेतून पांढुर्ण्याला पोचायला दोन लागतात. त्याने ते पान खिशात घातले. बऱ्याच वेळाने म्हणाला, “मी आलो असतो की नाही, मला खरंच माहीत नाही. कदाचित नसतो आलो. पण ते मला कळायला पाहिजे होतं.”

मी शिकवण्याच्या धंद्यातला माणूस. पोराच्या वाक्यात चूक शोधायची सवय. या वाक्यात शोधून सापडली नाही. तो रागावला असता, तू मला आईपासून तोडलेस म्हणाला असता, तर मी माझी कारणे काढून ठेवली असती. त्याची तक्रार वेगळीच होती. आपण कोणत्या प्रकारचा मुलगा आहोत हे त्याला पुन्हा कधीही कळणार नाही, आणि ते न कळण्याची व्यवस्था मी केली होती. कदाचित तो आला नसता, आणि ‘मी आलो नाही’ हे ओझे त्याने वाहिले असते. ते त्याचे ओझे असते. आता त्याच्याकडे नुसती रिकामी जागा आहे. आपल्या गोटमारीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी घेऊन निघाला आणि दोघे नदीच्या मध्यावर असताना दोन्ही काठांवरून दगड आले. लहानपणापासून मी ती गोष्ट सावरगावच्या लोकांवर ठपका ठेवून ऐकली. आपल्या काठाचे दगडही त्यांना लागत होते, हे सांगणारे सांगतात, पण भराभर सांगतात.

२०२५ मध्ये तो आईच्या अविधवा नवमीसाठी आला. एकटाच, तीन आठवड्यांची रजा, या खेपेस व्हिसाचा कागद नवा आणि ठणठणीत. श्राद्ध झाले. २० सप्टेंबरला सकाळी सहाला त्याचा फोन वाजू लागला तो थांबेना. अमेरिकेच्या अध्यक्षांनी रात्रीतून एक आदेश काढला होता. एच-वन-बी वर येणाऱ्यामागे एक लाख डॉलर भरावे लागतील, अंमल २१ तारखेच्या पहिल्या मिनिटापासून. म्हणजे आपल्या घड्याळात २१ च्या सकाळी साडेनऊ. जे बाहेर होते त्यांचे काय, हे त्या क्षणी कोणालाच सांगता येत नव्हते. मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना लगेच परत या म्हणत होत्या. त्याच्या विद्यापीठातूनही निरोप आला. तासाभरात घर सोडले, नागपूरहून विमान मिळाले, पुढचे मिळाले, तर कदाचित. परतीचे तिकीट होते २८ चे. मधे सर्वपित्री अमावास्या, नेमकी २१ ला.

मी त्या दिवशी पांढुर्ण्यालाच होतो. तो ओसरीवर आला आणि म्हणाला, “काकाजी, काय करू?”

या वेळी मी उत्तर दिले नाही. मला जे जे ठाऊक होते ते सगळे त्याला सांगितले. दादांचा रक्तदाब ऑगस्टमध्ये किती चढला होता आणि ते तुला सांगू नको म्हणाले होते. बागेचे कर्ज किती उरले. नोकरी गेली तर घर कसे चालेल याचा माझा अंदाज. सर्वपित्री तुझ्यावाचूनही होते, हेही सांगितले. बोलायला अर्धा-पाऊण तास गेला, आणि त्यातला तेवढा वेळ गेला याची मला धास्तीही वाटत होती. सगळे ऐकून तो उठला आणि आत दादांकडे गेला. मी मागोमाग गेलो.

दादा खाटेवर बसून पान लावीत होते. पोराने सगळे सांगितले आणि विचारले, “बाबा, जाऊ?”

दादांनी चुना पुसला. म्हणाले, “तुह्या मनात काय हाय ते सांग. मंग मी माह्या मनातलं सांगतो.” आणि मग माझ्याकडे न बघता, “तुह्या मायच्या वक्ताले मलेही कोणी इचारलं नाही.”

ते दोघे किती वेळ बोलले मला ठाऊक नाही, मी बाहेर आलो. नंतर पोराने येऊन बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. रात्री आम्ही तिघेही झोपलो नाही. मध्यरात्र उलटल्यावर तिकडून खुलासा आला की हा आकार नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याजवळ व्हिसा आहे त्यांनी जाण्यायेण्यात अडचण नाही. पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वकिलातींनी मुलाखतींच्या ठरलेल्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या आणि इकडे आलेले पुष्कळ जण अडकून पडले. त्यात तो नव्हता, पण असताही. त्या रात्री मात्र खुलासा वाचून दाखवताना त्याचा आवाज थोडा हलला. दादा म्हणाले, “चहा टाक.” दूध संपले होते. काळाच चहा केला.